सगळेच क्षार उदासीन नसतात

शाळेतल्या रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी यांचे भांडण एका ओळीत मिटवलेले असते. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण बेताने मिसळत गेले की शेवटी मीठ आणि पाणी उरते. दोघांचाही दाहकपणा जातो, लिटमसचा रंग कोणत्याच बाजूला बदलत नाही आणि प्रकरण तिथे संपते. उदाहरणासाठी नेमके मीठच निवडलेले असल्यामुळे क्षार म्हणजे सगळी रग जिरलेला, निरुपद्रवी पदार्थ, अशी समजूत वाचणाऱ्याच्या मनात घर करते. ही समजूत आपल्या मोरीत आणि स्वयंपाकघरात रोज खोटी ठरत असते, फक्त आपण तिकडे रसायनशास्त्र म्हणून पाहत नाही.

हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग निघायच्या आधी लालभडक होतो, हे कोणत्याही मराठी घरात सांगायला नको. हळदीतले रंगद्रव्य आम्लारिधर्मी द्रावणात लाल होते, एवढे त्याचे स्पष्टीकरण पुस्तकात मिळते. पण साबण आम्लारिधर्मी का, हा प्रश्न तसाच राहतो. साबण तर तेलातल्या किंवा चरबीतल्या मेदाम्लांचा सोडियमशी झालेला क्षार आहे, म्हणजे त्याचेही रीतसर उदासिनीकरण होऊन गेलेले आहे. धुण्याच्या सोड्याची गोष्ट तर आणखी बुचकळ्यात टाकणारी आहे. त्याच्या सूत्रात सोडियम, कार्बन आणि ऑक्सिजन एवढीच मूलद्रव्ये आहेत. हायड्रॉक्साइड नावालाही नाही, तरी त्याचे पाणी हाताला बुळबुळीत लागते आणि हळदीला तात्काळ लाल करते. उलट बाजूला तुरटी आहे. तिच्या सूत्रात पाण्याचे रेणू सोडले तर हायड्रोजन कुठेच नाही, तरी तिचे द्रावण निळ्या लिटमसला तांबडे करते. ज्याच्याजवळ जे नाही ते तो पदार्थ पाण्यात कुठून आणतो, या प्रश्नाने मला फार दिवस गुंतवून ठेवले आहे, आणि त्याचे उत्तर क्षारापेक्षा पाण्याकडेच अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

पाणी आपण नेहमी रंगमंचासारखे गृहीत धरतो. पदार्थ त्यात विरघळतात, एकमेकांना भेटतात आणि पाणी गुमान बाजूला राहते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पाण्याचा रेणू स्वतःच थोडा आम्ल आणि थोडा आम्लारी आहे. एक रेणू दुसऱ्याला आपला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धन आयन (धन प्रभार असलेला कण), देऊन टाकतो. देणाऱ्याचा हायड्रॉक्साइड आयन होतो आणि घेणाऱ्याचा हायड्रोनियम आयन. ही देवघेव क्षणोक्षणी चालू असते आणि क्षणोक्षणी मोडत असते. पंचवीस अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याच्या पंचावन्न कोटींहून अधिक रेणूंमागे हायड्रोनियम आयन सापडतो एक, आणि हायड्रॉक्साइडही तेवढाच एक. सामू (pH) ७ म्हणजे उदासीन, हे जे आपण पाठ केलेले असते, त्याचा अर्थ एवढाच आहे, की या दोन अतिविरळ लोकसंख्या त्या तापमानाला समसमान आहेत. सामूची ही मोजपट्टी, जिच्यावर सातच्या खाली आम्लधर्म, वर आम्लारिधर्म आणि एकेका अंकाला दहापट फरक असतो, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. सात या आकड्यात मात्र काही पवित्र नाही. पाणी तापवत नेले तर दोन्ही आयन सारख्याच प्रमाणात वाढतात आणि उकळत्या शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.१ भरतो, तरी ते पाणी उदासीनच असते.

पंचावन्न कोटींत एक, हे प्रमाण एकदा नीट मनात ठसले की पुढचे कोडे निम्मे सुटते. इतका हलका तराजू कशानेही कलणार. क्षाराला पाण्याची उदासीनता मोडायला फार काही करावे लागत नाही. त्याच्या असंख्य आयनांपैकी एखादाच जरी पाण्याशी देवघेव करू लागला तरी ते पुरेसे असते.

सोडियम ॲसिटेट घेऊ. हा व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचा सोडियमशी झालेला क्षार. लिटरभर पाण्यात निर्जल ॲसिटेट ८.२ ग्रॅम विरघळवले, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत दशांश मोलर द्रावण केले, तर त्याचा सामू सुमारे ८.९ येतो. पाण्यात उतरताच सोडियम आणि ॲसिटेट हे आयन वेगळे होतात. सोडियमला पाण्याकडून काही नको असते. हायड्रॉक्साइडशी जोडी जमवण्याची त्याला गरज नाही, म्हणूनच तर सोडियम हायड्रॉक्साइड तीव्र आम्लारी ठरते. ॲसिटेटचे तसे नाही. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, याचा अर्थ ते आपला प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. ज्याच्या हातून पैसा सुटत नाही अशा माणसाची पिशवी कोणी रिकामी केली, तर तो रस्त्यावर पडलेले नाणेही वाकून उचलतो. ॲसिटेटची अवस्था अशीच असते, आणि त्याच्या आजूबाजूला पडलेली नाणी म्हणजे पाण्याच्या रेणूंमधले प्रोटॉन. ॲसिटेटने पाण्याचा प्रोटॉन उचलला की मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि द्रावण आम्लारिधर्मी होते. सोड्यात नसलेला हायड्रॉक्साइड कुठून येतो, याचेही उत्तर हेच: तो पाण्यातून येतो. या क्रियेला जलापघटन म्हणतात.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आकड्यांचा आहे. वरच्या द्रावणात असा प्रोटॉन उचलणारे ॲसिटेट आयन किती असतात, याचा हिशेब केला तर साधारण तेरा हजारांत एक निघतो. बाकीचे सगळे जसेच्या तसे तरंगत असतात. तरीही त्या एकामुळे द्रावणातले हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्याच्या पंचाहत्तर पट होतात. तेरा हजारांत एक ही गोष्ट एरवी आपण अशुद्धी म्हणून सोडून दिली असती; इथे तीच द्रावणाचा स्वभाव ठरवते. कार्बोनेट याहून कितीतरी जोमाने प्रोटॉन ओढतो, कारण ज्या बायकार्बोनेटपासून तो बनला आहे ते आम्ल म्हणून ॲसेटिक आम्लाहून फारच सौम्य आहे. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या दशांश मोलर द्रावणात दर बावीस-तेवीस आयनांमागे एक जलापघटित होतो, सामू ११.६ पर्यंत चढतो आणि हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्याच्या चाळीस हजारांहून अधिक पट भरतात. सोडा गरम पाण्यात अधिक चांगले काम करतो त्यामागेही हे एक कारण आहे. ही क्रिया उष्णता शोषणारी असल्याने तापमानाबरोबर ती पुढे सरकते.

परीक्षेसाठी याचे एक सूत्र पाठ करून घेतात: तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांचा क्षार आम्लारिधर्मी, तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांचा आम्लधर्मी, दोन्ही तीव्र असतील तर उदासीन. हे सूत्र चुकीचे नाही, पण ते वंशावळ पाहून स्वभाव सांगितल्यासारखे वाटते. जणू आईबापांपैकी जो दांडगा, त्याच्या वळणावर मूल जाते. खरे कारण याच्या उलट आहे. दांडग्याचा आयन पाण्यात काहीच करत नाही, तो नुसता पाहत राहतो. जो काही उद्योग करतो तो सौम्याचा आयन. द्रावण आम्लारिधर्मी होते ते सोडियमच्या जोरावर नाही, ॲसिटेटच्या हावेमुळे.

ही दृष्टी यायला रसायनशास्त्रालाही वेळ लागला. विरघळलेले क्षार पाण्यात आयनांच्या रूपात सुटे असतात, हे स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी मांडले तेव्हा १८८४ मधल्या त्यांच्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने कशीबशी मान्यता दिली. त्याच विचारासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मात्र आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारे आणि आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साइड देणारे, या त्यांच्या व्याख्येत सोड्यासारखा पदार्थ नीट बसत नाही, कारण द्यायला त्याच्याजवळ हायड्रॉक्साइडच नाही. १९२३ मध्ये कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे व्याख्या बदलली: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. या एका बदलाने क्षार नावाचा वेगळा कप्पाच जवळजवळ अनावश्यक झाला. ॲसिटेट हा आयन स्वतःच एक आम्लारी आहे, अमोनियम हा आयन स्वतःच एक आम्ल आहे. त्यांच्याबरोबर कोण जोडीला आहे, हा दुय्यम प्रश्न.

अमोनियमचे नाव निघाले म्हणून नवसागराबद्दल सांगतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे त्यांना तो धुरासकट आठवत असेल. भट्टीवर तापलेल्या पितळी पातेल्यात तो कथिलाची कांडी फिरवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झिणझिण्या आणणारा वास यायचा आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथिल आरशासारखे पसरायचे. त्या क्षणी पातेल्यात काय होत असते? अमोनियम आयन आपला प्रोटॉन क्लोराइडला देऊन टाकतो. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू वेगळे होतात, त्यातला दुसरा धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन पृष्ठभाग स्वच्छ करतो, आणि वर थंड हवेत दोघे पुन्हा भेटून पांढरा धूर होतो. हे जलापघटन नव्हे, कारण इथे पाणीच नाही. पण वृत्ती तीच आहे. अमोनियमची प्रोटॉनवरची पकड पोलादी नाही. तापल्या पितळेवर तो प्रोटॉन क्लोराइडकडे जातो. थंड पाण्यात तोच प्रोटॉन, फार थोड्या प्रमाणात, पाण्याच्या रेणूकडे जातो आणि द्रावणाचा सामू ५.१ च्या आसपास उतरतो.

हा आकडा सोडियम ॲसिटेटच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. एकाचा सामू सातच्या वर जवळपास १.९, दुसऱ्याचा सातच्या खाली जवळपास १.९. अमोनिया आम्लारी म्हणून जितका सौम्य, तितकेच ॲसेटिक आम्ल आम्ल म्हणून सौम्य आहे, हा निसर्गातला निव्वळ योगायोग. त्यामुळे या दोघांचा क्षार, अमोनियम ॲसिटेट, पाण्यात जवळजवळ नेमका सातवर राहतो; पण ती मिठाची उदासीनता नव्हे. मिठाच्या पाण्यात काहीच घडत नसते म्हणून ते सातवर असते. अमोनियम ॲसिटेटमध्ये दोन्ही बाजूंनी ओढाताण चालू असते आणि ती बरोबरीत सुटते म्हणून ते सातवर असते. मोजपट्टीवर दोन्ही सारखेच दिसतात.

शेतकऱ्यांच्या ओळखीचे अमोनियम सल्फेटही याच जातीचे. ते वर्षानुवर्षे वापरल्यावर जमीन आम्लधर्मी होत जाते, पण त्याचा दोष या जलापघटनावर टाकणे अन्यायाचे होईल; जमिनीतले जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करताना जे प्रोटॉन मोकळे करतात, त्यांचा वाटा कितीतरी मोठा असतो.

आता स्वयंपाकघरात करून पाहण्यासारखी एक गोष्ट. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, मोठा मध्यममार्गी आहे. त्याच्या आयनाजवळ द्यायला एक प्रोटॉन आहे आणि घेण्याचीही इच्छा आहे. घेण्याचा कल थोडा अधिक, म्हणून त्याचे द्रावण सुमारे ८.३ सामूवर थांबते. पाण्यात कालवलेल्या हळदीवर ते टाकले तर पिवळा रंग नारिंगी-तपकिरीकडे झुकतो, पण लाल म्हणवत नाही. हाच सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर घालावा. काही वेळाने चमच्याने हलवताना ती कोरडी पूड एकाएकी पातळ झाल्यासारखी वागू लागते, जागोजागी छोटी विवरे पडून त्यातून बुडबुडे येतात, आणि वर धरलेल्या थंड ताटलीवर पाण्याचे दव जमते. पुडीच्या आतून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघत असते. खदखद थांबली की तव्यावर धुण्याचा सोडा उरलेला असतो. सुरुवातीला दहा ग्रॅम सोडा घेतला असेल तर क्रिया पूर्ण झाल्यावर सुमारे ६.३ ग्रॅम भरतो. तो निवल्यावर चिमूटभर त्याच हळदीच्या पाण्यात टाकला की क्षणात गडद लाल रंग चढतो. पूड आधीही पांढरी होती, नंतरही पांढरीच आहे, दोन्ही वेळा सोडियमचाच क्षार आहे; बदलला तो एवढाच, की बायकार्बोनेटजवळचा द्यायचा प्रोटॉन गेला आणि नुसती घेण्याची भूक उरली. (तव्यावरचा सोडा पदार्थात घालायचा नाही आणि डोळ्याजवळ न्यायचा नाही, हे वेगळे सांगायला हवे.) पापडखारातही मुख्यतः हेच दोघे भाऊ असतात, आणि खार जास्त झाला की पापड तळताना लाल होतात ही घरोघरची तक्रार याच आम्लारिधर्माची आहे, अशा पिठात प्रथिने आणि शर्करा यांच्यातली तांबूस रंग आणणारी क्रिया लवकर होते.

कार्बोनेट आणि क्लोराइड यांतला हा फरक स्वयंपाकघराबाहेर निघाला की भूगोल होतो. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार बाळगून असते, तरी त्याचा सामू ८.१ च्या आसपासच असतो, कारण त्यातला बहुतेक क्षार मिठासारखा निरिच्छ आहे. तेवढा जो आम्लारिधर्म आहे तो त्यातल्या थोड्याशा बायकार्बोनेट-कार्बोनेटमुळे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा सामू मात्र दहाच्या आसपास असतो. म्हणजे लोणारच्या पाण्यात हायड्रॉक्साइड समुद्राच्या ऐंशीएक पट. उल्का आदळून बेसॉल्ट या काळ्या कातळात झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या कातळातून झिरपते, खनिजे झिजवते आणि सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट घेऊन तळ्यात येते. उन्हाने पाणी आटत जाते तसा कॅल्शियम कार्बोनेट आधी खाली बसतो, कारण तो फारसा विरघळत नाही. इथे एक फाटा लागतो. आलेल्या पाण्यात कॅल्शियम जास्त असते तर सगळे कार्बोनेट त्याच्याबरोबर तळाशी गेले असते आणि उरलेले पाणी नुसते खारट झाले असते. बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेटचे पारडे जड असते, त्यामुळे कॅल्शियम आधी संपते आणि उरलेले कार्बोनेट सोडियमच्या सोबतीने पाण्यातच साठत राहते. सोडियमबरोबर क्लोराइड उरायचे की कार्बोनेट, या एका प्रश्नावर तळ्याचा स्वभाव ठरला.

अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारच्या पाण्यापासून काच आणि साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळतात, असा उल्लेख आहे, काच आणि साबण दोन्हींना सोडा लागतो, मीठ नाही, म्हणजे त्या काळच्या लोकांना हा फरक उपयोगातून पक्का माहीत होता. जून २०२० मध्ये या तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांना ते चमत्कारासारखे वाटले होते. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने ते झाले होते, आणि अशा पाण्यात ज्यांना सुखाने राहता येते ते असेच थोडे जीव असतात.

याच फरकाचा कमी प्रसिद्ध पण जास्त महागडा अवतार ऊसपट्ट्यात दिसतो. सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या काळ्या जमिनींत पाटाचे पाणी अनिर्बंध दिल्यावर क्षार वर येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिथला जाणता शेतकरी खारवट जमीन आणि चोपण जमीन यांत भेद करतो, आणि तो भेद अगदी आपल्या विषयाचा आहे. खारवट जमिनीत क्लोराइड आणि सल्फेट साठलेले असतात. उन्हाळ्यात वर पांढरा थर फुलतो, सामू ८.५ च्या खाली असतो, आणि निचरा करून गोड्या पाण्याने धुतली तर ती जमीन बरीचशी ताळ्यावर येते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेले असते आणि पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट असतात, सामू ८.५ च्या वर जातो, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. ती नुसत्या पाण्याने धुऊन सुटत नाही. तिथे जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जिप्सममधला कॅल्शियमचा आयन जमिनीतल्या कार्बोनेटला पकडून न विरघळणाऱ्या चुनखडीत बसवतो, मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतो, आणि मोकळे झालेले सोडियम सल्फेटच्या सोबतीने पाण्याबरोबर निघून जाते. सोडियम सल्फेट हा निरिच्छ क्षार. प्रोटॉन ओढणाऱ्या आयनाच्या जागी न ओढणारा आयन आणून बसवणे, एवढाच या उपचाराचा रासायनिक गाभा आहे, आणि शेताला चर काढून निचरा दिलेला नसेल तर तोही वाया जातो.

तुरटीकडे मी मुद्दाम उशिरा येतो आहे, कारण तिच्यातला प्रकार निराळा आहे. पोटॅशियम आणि सल्फेट हे तिचे दोन आयन या बाबतीत जवळपास स्वस्थ बसणारे आहेत. सगळी करामत तिसऱ्याची, ॲल्युमिनियमची. हा आयन लहान आहे आणि त्याच्यावर तीन धन प्रभार आहेत. पाण्यात उतरताच तो स्वतःभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट धरून ठेवतो, आणि त्यांच्या ऑक्सिजनमधले इलेक्ट्रॉन आपल्याकडे इतके खेचतो, की त्या रेणूंची स्वतःच्या हायड्रोजनवरची पकड सैल होते. बाहेरून जाणारा पाण्याचा एखादा रेणू मग तो प्रोटॉन सहज घेऊन जातो. म्हणजे तुरटीजवळ स्वतःचा असा द्यायला काहीही नसताना ती पाण्यालाच आम्ल बनवते. सोडियम आणि पोटॅशियम मोठे आणि एकाच प्रभाराचे असल्याने त्यांना हे साधत नाही. पाण्याने वेढलेला हा ॲल्युमिनियम आयन आम्ल म्हणून व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या जवळपास तोडीचा आहे, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला खरे वाटत नाही; दशांश मोलर द्रावणाचा सामू तीन-साडेतीनच्या घरात येतो. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून केलेल्या अर्कात तुरटीचे पाणी टाकले तर तो गडद गुलाबी होतो, सोड्याचे टाकले तर हिरवा. एकाच फुलाच्या पाण्याने दोन्ही बाजू दिसतात.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. एकेक प्रोटॉन सोडत गेलेला ॲल्युमिनियम शेवटी हायड्रॉक्साइडच्या जेलीसारख्या, न विरघळणाऱ्या पुंजक्यांत बदलतो. गाळाच्या बारीक कणांवरचा ऋण प्रभार निवतो, कण एकमेकांना धरतात, पुंजक्यात अडकतात आणि तळाशी बसतात. सुटलेले प्रोटॉन मात्र कुठेतरी जायला हवेत. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, ते त्यांना गिळून टाकते, म्हणून घागरीतल्या पाण्याला आंबट चव येत नाही. पाण्यात बायकार्बोनेट फारच कमी असेल तर तुरटीचे पुंजके नीट बनत नाहीत आणि सामूही घसरतो. जलशुद्धीकरण केंद्रात अशा वेळी तुरटीबरोबर चुना द्यावा लागतो.

हीच तुरटी मला सर्वाधिक छळते ती पुस्तकांत. कागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला खळ द्यावी लागते. जर्मनीतल्या मोरिट्झ फ्रिडरिख इलिग याने १८०७ मध्ये राळ आणि तुरटी यांची खळ लगद्यातच मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि यंत्राने कागद करणाऱ्यांना ती इतकी सोयीची पडली, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे बहुतेक छापील कागद असाच झाला. पुढे पोटॅशियमच्या तुरटीची जागा स्वस्त ॲल्युमिनियम सल्फेटने घेतली. कागद कितीही कोरडा दिसला तरी हवेतल्या ओलाव्याने त्यात थोडे पाणी असतेच. त्या थोड्या पाण्यात ॲल्युमिनियम आपले नेहमीचे काम करत राहतो, प्रोटॉन सुटत राहतात, आणि कागदाच्या तंतूंमधल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या या आम्लाच्या मदतीने दुवा दुवा तुटत जातात. लाकडाच्या भरड लगद्यातले लिग्निन हे द्रव्य त्यात पिवळेपणाची भर घालते. जिथे दमट हवा आणि उन्हाळा दोन्ही आहेत, तिथे हे काम विशेष वेगाने होते. माझ्याकडच्या जुन्या मासिकांच्या अंकांत काठाकडून आत सरकणारा तपकिरी पट्टा आहे. पानाचा कोपरा एकदा दुमडून सरळ केला की तो हातातच येतो. चांगल्या चिंध्यांच्या लगद्यापासून केलेले, त्याहून शंभर-दीडशे वर्षे जुने हातकागद मात्र अजून वाकवता येतात. त्यामुळे कागद म्हातारा झाला म्हणून तुटला, असे जे सहज म्हटले जाते, ते मला पटत नाही. त्याला एका क्षाराने हळूहळू पोखरलेले असते.

आणि त्यावरचा इलाजही क्षारच आहे. पाने सुटी करून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या पातळ द्रावणात भिजवतात. साठलेले आम्ल त्यात मारले जाते, आणि पान वाळताना त्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन तंतूंमध्ये बसते. पुढे जे आम्ल तयार होईल ते गिळायला हा साठा आतच राहतो. तुटलेल्या साखळ्या मात्र याने जुळत नाहीत. ठिसूळ झालेला कागद ठिसूळच राहतो, फक्त आणखी बिघडणे लांबते. म्हणूनच हा उपचार पान अजून वाकत असताना करण्याचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बऱ्याच कागद कारखान्यांनी राळ-तुरटी सोडून आम्ल न लागणारी खळ आणि भरणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घेतले, त्यामुळे गेल्या काही दशकांतली पुष्कळ पुस्तके आधीच हा साठा पोटात घेऊन जन्मली आहेत.

कोणते पुस्तक कोणत्या बाजूचे, हे पाहायला संग्रहालयांत एक विशेष पेन वापरतात. त्यात क्लोरोफिनॉल रेड नावाचा, सामूप्रमाणे रंग बदलणारा दर्शक असतो. पानाच्या कोपऱ्यात बारीक रेघ ओढली की आम्लधर्मी कागदावर ती पिवळी राहते, उदासीन किंवा आम्लारिधर्मी कागदावर जांभळी होते. रेघ कायमची राहत असल्याने दुर्मीळ पानावर ती ओढू नये, फाटक्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ओढावी. ज्या ग्रंथालयांना सगळा संग्रह एकदम स्कॅन करणे परवडत नाही, त्यांनी रांग लावताना प्रकाशनाचे साल पाहण्याआधी ही रेघ पाहावी असे मी सुचवीन. १८७० चा चांगला कागद थांबू शकतो. १९४० ते १९७० मधल्या मासिकांचा स्वस्त कागद थांबणार नाही.